कक्षेतील वेग : मैल, किलोमीटर आणि मधला हिशेब

‘आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ताशी २८,१६३ किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरते’, अशा धाटणीचे वाक्य अवकाशविषयक बातम्यांत अधूनमधून वाचनात येते. आकडा शेवटच्या अंकापर्यंत दिलेला असल्याने तो कुणीतरी काटेकोरपणे मोजला असावा, असा वाचकाचा सहज समज होतो. प्रत्यक्षात तो मोजलेला नसतो. मूळ इंग्रजी मजकुरात ‘ताशी १७,५०० मैल’ असे लिहिलेले असते आणि वृत्तपत्राच्या कचेरीत कुणीतरी त्याला १.६०९३ ने गुणलेले असते. मूळ आकडा ढोबळ होता. भाषांतरानंतर मात्र तो अचूकतेचा आव आणू लागतो.

हा ढोबळपणा किती, ते पाहू. अवकाश स्थानक साधारण ४२० किलोमीटर उंचीवरून फिरते. एवढ्या उंचीवर वर्तुळाकार कक्षेत राहायचे तर सेकंदाला ७.६६ किलोमीटर एवढा वेग लागतो. तासाच्या हिशेबात तो सुमारे २७,६०० किलोमीटर किंवा १७,१०० मैल होतो. म्हणजे ‘१७,५००’ हा आकडा खऱ्या वेगापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी जास्त आहे. रस्त्यावरच्या मोटारीच्या बाबतीत दोन टक्क्यांचा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. कक्षेत मात्र वेग आणि उंची यांची पक्की गाठ बांधलेली असते. ताशी १७,५०० मैल हा वेग शब्दशः खरा मानला, तर स्थानक सुमारे १४० किलोमीटर उंचीवर असायला हवे. तिथली हवा विरळ असली तरी स्थानकासारख्या अवाढव्य वस्तूला ती फार काळ फिरू देणार नाही.

नासाच्या माहितीपत्रकांत याच स्थानकाचा वेग ‘सेकंदाला पाच मैल’ असाही सांगितलेला आढळतो. खरा आकडा ४.७६ मैल आहे. बोलण्याच्या सोयीसाठी त्याचे पाच केले गेले. पाच मैल म्हणजे ८.०५ किलोमीटर. हा वेग काटेकोर धरून वर्तुळाकार कक्षेची उंची काढली, तर उत्तर उणे येते : स्थानक जमिनीखाली २१५ किलोमीटरवरून फिरत असल्याचे निष्पन्न होते! नासाचे माहितीपत्रक चूक आहे, असा याचा अर्थ नव्हे. ते सामान्य वाचकासाठी पूर्णांकात लिहिलेले आहे. चूक होते ती त्या पूर्णांकाचे दशांश चिन्हांसह रूपांतर करणाऱ्याची.

गणित कसे होते?

कक्षेतील वेग काढण्याचे सूत्र शालेय भौतिकशास्त्रातलेच आहे. पृथ्वीच्या वस्तुमानातून आणि गुरुत्वस्थिरांकातून येणारी ३,९८,६०० ही संख्या घ्यायची, तिला पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. त्यात ४२० मिळवले की ६,७९१. भागाकार ५८.७ येतो आणि त्याचे वर्गमूळ ७.६६. अंतर केंद्रापासून घ्यायचे, जमिनीपासून नव्हे, एवढे पथ्य पाळले की हा हिशेब कुणालाही साध्या कॅल्क्युलेटरवर करता येतो.

आता हेच गणित मैलांत करायचे म्हटले, तर ३,९८,६०० ही संख्या चालत नाही. तिचे एकक आहे घन किलोमीटर भागिले सेकंदाचा वर्ग. लांबी तिथे तीन वेळा आलेली आहे. त्यामुळे तिला १.६०९ ने एकदा भागून भागत नाही, तीनदा भागावे लागते, तेव्हा कुठे ९५,६२९ ही मैलांची संख्या मिळते. त्रिज्या मैलांत आणि स्थिरांक किलोमीटरमध्ये अशी सरमिसळ झाली तर उत्तर दिसायला ठीकठाक दिसते आणि साफ चुकीचे असते. एककांच्या बाबतीतल्या बहुतेक चुका अशाच असतात. त्या ओरडून आपले अस्तित्व सांगत नाहीत.

रूपांतराचे मूळ दर मात्र आता वादातीत आहेत. १ जुलै १९५९ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर असे ठरवून घेतले. तेव्हापासून फूट बरोबर ०.३०४८ मीटर आणि मैल बरोबर १,६०९.३४४ मीटर. पुढे दशांश स्थळे नाहीत, कारण ही मोजणी नसून व्याख्या आहे. म्हणजे आजचा फूट हा मीटरवरच उभा आहे. अमेरिकेत जमीनमोजणीसाठी ‘सर्व्हे फूट’ नावाचा आणखी एक फूट होता. तो नेहमीच्या फुटापेक्षा दहा लाखांत दोन भागांनी मोठा. प्लॉट मोजताना हा फरक कुणाला जाणवणार नाही, परंतु भूस्थिर उपग्रहाची ३५,७८६ किलोमीटर उंची फुटांत लिहिताना त्यातून ७० मीटरच्या आसपास तफावत येते. २०२२ च्या अखेरीस तो फूट अधिकृतपणे निवृत्त झाला.

या दरांवरून पुढचे गुणक निघतात. सेकंदाला किलोमीटर या वेगाला ३,६०० ने गुणले की ताशी किलोमीटर, २,२३६.९४ ने गुणले की ताशी मैल. फूट प्रति सेकंद या वेगाला ०.३०४८ ने गुणले की मीटर प्रति सेकंद. तोंडी हिशेबासाठी सोप्या युक्त्या आहेत. ताशी मैलांना आठाने गुणून पाचाने भागावे, किलोमीटर मिळतात. उत्तर अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक कमी येते. सेकंदाच्या किलोमीटरला नवाने गुणून चाराने भागावे, ताशी हजार मैलांत उत्तर मिळते. ते तेवढेच जास्त येते. सेकंदाच्या फुटांना पंधराने गुणून बाविसाने भागले की ताशी मैल, आणि हा गुणक ढोबळ नसून तंतोतंत आहे, कारण ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट.

या गुणकांतून नेहमी भेटणारे काही वेग असे दिसतात. भूस्थिर उपग्रह सेकंदाला ३.०७ किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे ११,१०० किलोमीटर किंवा ६,९०० मैल वेगाने फिरतो. चंद्राचा पृथ्वीभोवतीचा सरासरी वेग सेकंदाला १.०२ किलोमीटर, ताशी सुमारे २,३०० मैल. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला २९.८ किलोमीटर धावते. ताशी हिशेबात १,०७,००० किलोमीटर किंवा ६७,००० मैल. आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावरील मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर, जो ताशी मैलांत जवळजवळ बरोबर २५,००० येतो. इंग्रजी लेखनात हा आकडा इतका लोकप्रिय का, हे त्यावरून कळते.

फूट, सागरी मैल आणि डोंगरावरचा लेसर

अमेरिकी अवकाश कार्यक्रम विमानोद्योगातून वाढला आणि विमानोद्योगाची भाषा फुटांची व सागरी मैलांची होती. त्यामुळे अपोलो मोहिमांतील वेग ताशी मैलांत नव्हे, तर फूट प्रति सेकंदात बोलले जात. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्राच्या मार्गाला लागले तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३५,५०० फूट होता, म्हणजे १०.८ किलोमीटर किंवा ताशी २४,२०० मैल. गंमत अशी, की यानातील संगणक आतले सारे गणित मेट्रिक एककांत करीत असे आणि अंतराळवीरांना दाखवताना त्याचे फूट व सागरी मैल करून दाखवी.

या सवयीमागे निव्वळ हट्ट नव्हता. स्पेस शटलच्या उड्डाणांत एक ठोकताळा प्रचलित होता : वेग सेकंदाला दोन फुटांनी बदला, कक्षेच्या विरुद्ध बाजूची उंची एका सागरी मैलाने बदलते. मेट्रिकमध्ये तोच नियम सेकंदाला एक मीटर बदलास सुमारे तीन किलोमीटर असा होतो. दोन आणि एक हे आकडे तोंडी हिशेबाला जास्त सोपे, हे मान्यच करायला हवे.

सागरी मैल मात्र खास सावधगिरीचा विषय आहे. तो १.८५२ किलोमीटरचा, साध्या मैलापेक्षा १५ टक्क्यांनी मोठा. इंग्रजी मजकुरात कधी कधी नुसते ‘मैल’ लिहिलेले असते आणि कोणता मैल ते वाचणाऱ्याने ओळखायचे असते. २०० सागरी मैल म्हणजे ३७० किलोमीटर, साधे मैल धरले तर ३२२. रात्रपाळीच्या घाईत प्रस्तुत प्रतिनिधीच्या हातूनही एकदा ही चूक होता होता राहिली आहे.

जून १९८५ मध्ये डिस्कव्हरी शटलच्या ५१-जी मोहिमेत ही चूक थेट कक्षेत घडली. हवाई बेटांपैकी माऊई येथील डोंगरावरून सोडलेला लेसर किरण शटलच्या खिडकीवर बसवलेल्या आरशावर पाडायचा, असा तो प्रयोग होता. अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण संशोधनाचा तो भाग. त्यासाठी यानाने आरसा डोंगराकडे वळवणे आवश्यक होते. डोंगराची उंची सुमारे दहा हजार फूट. यानाच्या संगणकाला मात्र उंची सागरी मैलांत हवी होती. फुटांचा आकडा तसाच भरला गेला आणि संगणकाच्या लेखी तो लेसर दहा हजार सागरी मैल उंचीवर, म्हणजे यानाच्याही कितीतरी वर जाऊन बसला. संगणकाने सांगितल्याप्रमाणे यान वळले आणि आरसा पृथ्वीकडे पाठ करून अवकाशाकडे पाहू लागला. नंतरच्या प्रयत्नात प्रयोग यशस्वी झाला. त्या दिवशी नुकसान झाले ते फक्त वेळेचे.

मंगळावर हरवलेले यान

मार्स क्लायमेट ऑर्बिटरच्या वाट्याला असा दुसरा प्रयत्न आला नाही. मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी ११ डिसेंबर १९९८ रोजी निघालेले हे नासाचे यान २८६ दिवसांच्या प्रवासानंतर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचले. कक्षेत शिरण्यासाठी त्याचे मुख्य इंजिन पेटले, यान ठरल्याप्रमाणे मंगळाच्या मागे गेले आणि पुन्हा कधीच दिसले नाही. संदेश तुटला तोही अपेक्षेपेक्षा ४९ सेकंद आधी.

कारण शोधताना जे सापडले ते वेगाच्या सूक्ष्म बदलांशी निगडित होते. यानाची दिशा सांभाळण्यासाठी त्यात फिरती चाके असतात. सूर्यप्रकाशाचा दाब यानाला किंचित पिळत राहतो आणि तो पीळ चाके आपल्या फिरण्यात सामावून घेतात. या यानाला सौरपंख एकाच बाजूला असल्याने पीळ जास्त बसत होता. चाके मर्यादेबाहेर वेगाने फिरू लागली की लहान इंजिने क्षणभर पेटवून त्यांचा वेग उतरवावा लागे. प्रत्येक वेळी यानाला एक नगण्य धक्का बसे. तो धक्का किती, याची नोंद यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीची संगणकप्रणाली करी आणि ती कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या मार्गनिर्धारण पथकाकडे जाई. करारानुसार ही नोंद न्यूटन-सेकंदात हवी होती. ती पौंड-सेकंदात येत होती. एक पौंड बल म्हणजे ४.४५ न्यूटन. म्हणजे प्रत्येक धक्का खऱ्यापेक्षा साडेचार पटींनी लहान गणला जात होता.

धक्के किती लहान होते याची कल्पना यावी म्हणून एक नमुन्याचा हिशेब करू. सहाशे किलो वस्तुमानाच्या यानाला एक पौंड-सेकंदाचा धक्का बसला, तर त्याचा वेग सेकंदाला ७.४ मिलिमीटरने बदलतो. तोच आकडा न्यूटन-सेकंद समजून वाचला, तर बदल १.७ मिलिमीटरच भासतो. फरक पावणेसहा मिलिमीटरचा. मुंगीसुद्धा याहून जलद चालते. मात्र हा फरक २८६ दिवस तसाच राहिला, तर यान गणितातल्या जागेपासून १४० किलोमीटर बाजूला जाते. प्रत्यक्ष मार्ग सरळ रेषेचा नसतो, धक्केही वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या दिशांना बसतात, त्यामुळे हा केवळ नमुना आहे. पण परिमाण हेच.

वास्तवात काय झाले, ते चौकशी मंडळाने १० नोव्हेंबर १९९९ च्या अहवालात नोंदवले आहे. १५ सप्टेंबरच्या मार्गदुरुस्तीनंतर यान मंगळापासून २२६ किलोमीटर उंचीवरून जाईल अशी अपेक्षा होती. पुढच्या आठवड्यात हा अंदाज १५० ते १७० किलोमीटरवर उतरला. शेवटच्या चोवीस तासांत तो ११० वर आला. यानाचा निभाव लागण्यासाठी किमान ८० किलोमीटर उंची आवश्यक होती. नंतर फेरगणित केल्यावर खरी उंची निघाली ५७ किलोमीटर.

अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग एककांच्या चुकीचा नाही, तर ती चूक नऊ महिने टिकली कशी, याचा आहे. पहिले चार महिने संबंधित फायलींच्या मांडणीतच दोष असल्याने त्या वापरता आल्या नाहीत आणि कंपनीकडून ई-मेलने येणाऱ्या माहितीवर काम भागवले गेले. एप्रिल १९९९ मध्ये फायली वापरात आल्या, त्यानंतर लवकरच काहीतरी बिनसले आहे हे मार्गनिर्धारण पथकाच्या ध्यानात आले होते. परंतु शंका औपचारिक मार्गाने वरपर्यंत गेली नाही. मंगळाजवळ पोहोचण्यापूर्वी आणखी एक, पाचवी मार्गदुरुस्ती करावी काय यावर चर्चा झाली. ती केली गेली नाही. म्हणून ‘पौंड आणि न्यूटनच्या घोळात यान गेले’ हे प्रसिद्ध वाक्य अर्धेच खरे वाटते. घोळ कुणाच्याही हातून होतो. अंदाज २२६ वरून ११० वर घसरताना दिसत असूनही यान त्याच मार्गावर जाऊ दिले गेले, ही गोष्ट अधिक गंभीर म्हणायला हवी.

या अपघातानंतर अमेरिकेने फूट-पौंड सोडले, असा अनेकांचा समज आहे. तसे झाले नाही. चंद्रावरील कामांसाठी मेट्रिक पद्धत वापरण्याची घोषणा नासाने २००७ मध्ये केली खरी. पण शटलच्या जुन्या यंत्रसामग्रीवर आधारलेल्या तेव्हाच्या कार्यक्रमात सारे आराखडे बदलणे परवडणारे नव्हते. आपणही त्यांना हसण्यात अर्थ नाही. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारूनही मुंबई-पुण्यात घराचा भाव आजही चौरस फुटावरच बोलला जातो आणि गावाकडची जमीन गुंठ्यात.

वेग कशाच्या सापेक्ष?

एकक बरोबर असूनही आकडा फसवू शकतो, याचे उदाहरण आपल्याच मंगळयानाचे आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी हे यान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा अनेक बातम्यांत ‘यानाचा वेग सेकंदाला २२.१ किलोमीटरवरून ४.४ किलोमीटरवर आणला’ असे छापून आले. दोन्ही आकडे किलोमीटरमध्ये, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण पहिला वेग सूर्याच्या सापेक्ष आणि दुसरा मंगळाच्या. मंगळ स्वतः सूर्याभोवती सेकंदाला सरासरी २४ किलोमीटर धावत असतो. या दोन वेगांची वजाबाकी करणे म्हणजे फलाटावरून मोजलेल्या लोकलच्या वेगातून डब्यात चालणाऱ्या प्रवाशाचा वेग वजा करण्यासारखे आहे. यानाच्या इंजिनांनी सुमारे २४ मिनिटे जळून प्रत्यक्षात घडवलेला बदल होता सेकंदाला १,०९९ मीटर, म्हणजे ३,६०६ फूट किंवा ताशी २,४५८ मैल. सेकंदाला १७.७ किलोमीटरची घट ४४० न्यूटनच्या इंजिनाच्या आवाक्यातली गोष्टच नव्हती.

प्रक्षेपणाच्या थेट प्रसारणातही हा मुद्दा येतो. मंचावर उभ्या असलेल्या रॉकेटचा वेग पडद्यावर शून्य दिसत असेल, तर तो जमिनीच्या सापेक्ष आहे. पृथ्वीच्या केंद्राच्या दृष्टीने श्रीहरिकोटा येथील मंच पृथ्वीच्या परिवलनामुळे आधीच ताशी सुमारे १,६३० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असतो. कक्षेचा वेग सांगताना हा हिस्सा मोजलेला असतो, जमिनीच्या सापेक्ष वेगात तो नसतो. वृत्तसंस्थांच्या बातम्यांत एकाच प्रक्षेपणाचे दोन वेगवेगळे वेग आढळण्याचे हे एक कारण होय.

चांद्रयान-३ च्या वेळी २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम लँडरने ३० किलोमीटर उंचीवरून उतरायला सुरुवात केली, तेव्हाचा आकडा होता सेकंदाला १.६८ किलोमीटर. ताशी हिशेबात ६,०४८ किलोमीटर आणि मैलांत ३,७५८. मूळ संख्येत तीनच अंक असल्याने बातमीत ‘ताशी सुमारे ६ हजार किलोमीटर’ लिहिणे अधिक योग्य. याच न्यायाने अवकाश स्थानकाचे ‘१७,५०० मैल’ हे ‘ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर’ व्हायला हवे. खरा वेग द्यायचाच असेल, तर २७,६००.

मंगळयानाच्या मोहिमेतली आणखी एक नोंद या संदर्भात पाहण्याजोगी आहे. सुमारे तीनशे दिवस बंद असलेले मुख्य इंजिन ऐन वेळी पेटेल की नाही, याची खात्री करण्यासाठी २२ सप्टेंबर २०१४ रोजी, म्हणजे दोन दिवस आधी, ते जेमतेम चार सेकंद चालवून पाहिले गेले. वेगात झालेला बदल सेकंदाला २.१८ मीटर, फुटांत ७.१५ आणि ताशी हिशेबात ७.८ किलोमीटर, म्हणजे सकाळी मैदानावर हळूहळू धावणाऱ्या माणसाइतका.